प्लेफेअर डिस्प्ले: पत्रिका, टॅग आणि पाट्यांवर कित्येक महिने वापरल्यानंतर

क्लाउस एगर्स सॉरेनसेन या डॅनिश डिझायनरचा हा फॉन्ट 2011 पासून खुल्या परवान्यात फुकट मिळतो आणि धंद्याच्या छपाईलाही चालतो. जाड उभी रेघ, केसासारखी बारीक आडवी रेघ, टोकदार सेरिफ (अक्षराच्या टोकांवरच्या छोट्या रेघा). कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफाचं कार्ड असो की कोल्हापुरी चपलेचा टॅग, इंग्रजी नाव त्यात देखणं दिसतं. पण हा मथळ्याचा फॉन्ट आहे. पत्ता, फोन नंबर त्यात टाकूच नयेत.

सगळा खेळ त्या बारीक रेघेचा. अक्षर निम्मं केलं की रेघही निम्मी होते, आणि स्क्रीनवर झूम करून बघताना हे कळत नाही. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द छापायच्याच मापात घ्या, कर्व्ह करा (अक्षरांची आकृती करा) आणि स्मॉल 'ई'ची आडवी रेघ मोजा. कोटेड (गुळगुळीत लेपाच्या) कागदावर ऑफसेट छपाईला 0.1 मिमी निभावते. रिव्हर्समध्ये, म्हणजे गडद रंगात पांढरी अक्षरं, किमान 0.2 मिमी हवी, कारण शाई पसरून दोन्ही बाजूंनी रेघ खाते. पत्रिकेचा लाल मॅजेंटा आणि यलो मिळून केला असेल तर रजिस्टर, म्हणजे दोन शायांची जुळणी, जरा हललं तरी रेघ गायब होते. तिथे स्पॉट, म्हणजे आधीच मिसळलेली एकच लाल शाई घ्यावी.

स्क्रीन प्रिंटिंगला 0.2 मिमी रेघ आणि 120 ची जाळी (सेंटीमीटरला 120 धागे) धरा. जाळीवर प्रकाश देताना एक्स्पोज जास्त झालं किंवा ट्रेसिंग कागदावरच्या डिझाइनचा काळा फिका असला की प्रकाश कडेने आत शिरतो, जाळीवरचा लेप (इमल्शन) कडक होतो आणि बारीक रेघेतून शाईच उतरत नाही. गुळाच्या कोरुगेटेड (नालीदार पुठ्ठ्याच्या) खोक्यांवर तर हा फॉन्ट नकोच.

रेघ बारीक पडली की बरेच जण बोल्ड करतात. त्याने उभ्या रेघा जाड होतात, बारीक जवळपास तेवढ्याच राहतात. आउटलाइन दिली तर सेरिफ बोथट होतात आणि 'ए', 'ई'ची पोटं बुजतात. खरा उपाय म्हणजे त्याच डिझायनरचा नंतरचा 'प्लेफेअर': त्यात ऑप्टिकल साइझ आहे, लहान मापाला बारीक रेघ आपोआप जाड होते. फक्त सॉफ्टवेअर व्हेरिएबल फॉन्ट (एकाच फाइलमध्ये जाडी, माप बदलणारा) घेणारं हवं.

आकडे डीफॉल्टला वरखाली नाचतात. 3, 4, 5, 7, 9 ओळीखाली उतरतात. तारीख आणि किमतीसाठी सॉफ्टवेअरमधल्या ओपनटाइप (फॉन्टच्या जादा सोयी) पर्यायातून लायनिंग, म्हणजे एका उंचीचे, आकडे चालू करा. सगळी कॅपिटल असतील तर 20 ते 40 ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) द्या.

देवनागरी यात नाही, त्यामुळे मराठी टाइप केलं की सॉफ्टवेअर मनाने दुसराच फॉन्ट लावतं. जोडीला तिरो देवनागरी मराठी उत्तम बसतो, 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे मिळतात. शिरोरेषा इंग्रजी कॅपिटलच्या माथ्यापेक्षा किंचित खाली येईल असं माप जुळवा. मराठी ओळींना अंतर मात्र जास्त द्या, नाहीतर वेलांट्या वरच्या ओळीच्या उकारांना भिडतात.

पाटीला अ‍ॅक्रिलिक कापायचं असेल तर कॅपिटल 'एन'च्या दोन्ही उभ्या रेघा बारीक आहेत हे आधी बघा. 3 मिमी शीटमध्ये त्या 3 मिमीपेक्षा कमी भरल्या तर चिकटवतानाच तुटतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका फोटो म्हणून न टाकता पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबून लहान केला जातो तेव्हा पहिल्यांदा याच रेघा जातात.