छोट्या जहाजावर खोली निवडताना: खालचा डेक, बाल्कनी की स्वीट?

नाशिकहून जहाजाची सहल ठरवणारी मंडळी एजंटला तीन गोष्टी खोदून खोदून विचारतात. एकूण किती पडेल, जेवणात शाकाहारी काय मिळेल आणि मुंबईहून विमान किती वाजता. खोलीचा विषय मात्र ‘द्या चांगली बघून’ एवढ्यावर उरकतो. हजारो प्रवाशांच्या मोठ्या जहाजावर हे एकवेळ खपून जातं. छोट्या जहाजावर इंजिन, स्वयंपाकघर, नांगर, जिना सगळं हाकेच्या अंतरावर असतं, आणि आपल्या भिंतीपलीकडे यातलं काय आलंय त्यावर रात्रीची झोप ठरते.

छोटं म्हणजे केवढं, ते आधी ठरवू. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलिया एम्प्रेस मी यात धरत नाही. १९९० साली सेवेत आलेलं ते जहाज आजच्या अवाढव्य जहाजांपुढे लहान दिसत असलं, तरी त्यावर सुमारे ८०० खोल्या आहेत. इथे बोलतोय ते नाईलवर लक्झर ते अस्वान फिरणाऱ्या शंभर-दीडशे प्रवाशांच्या बोटींबद्दल, व्हिएतनामच्या हालाँग उपसागरातल्या वीस-पंचवीस खोल्यांच्या नौकांबद्दल, २०२३ च्या जानेवारीत वाराणसीहून दिब्रुगडकडे निघालेल्या गंगा विलासबद्दल (१८ स्वीट, ३६ प्रवासी, एवढाच तिचा संसार), आणि दोन-तीनशे प्रवाशांच्या समुद्री जहाजांबद्दल.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. जादा पैसे मोजायचेच असतील तर ते खोली जहाजात कुठे आहे यासाठी मोजावेत. ती केवढी आहे आणि माहितीपत्रकात तिला कोणतं भारदस्त नाव दिलंय, हे त्यानंतर.

खाली की वर

समुद्रात जहाज मुख्यतः दोन तऱ्हांनी हलतं. एकदा पुढचं टोक वर आणि मागचं खाली, मग उलट. आणि दुसरं म्हणजे या कुशीवरून त्या कुशीवर. पहिल्या प्रकारात दोन्ही टोकांच्या खोल्यांना सर्वांत जास्त झोके बसतात आणि मधल्यांना सर्वांत कमी. दुसऱ्या प्रकारात जितकं उंचावर राहाल तितका झोका मोठा. म्हणजे सर्वांत स्थिर जागा खालच्या डेकवर, बरोबर मध्यात. आणि तिथल्या खोल्या बहुतेक जहाजांवर सर्वांत स्वस्त असतात! सर्वांत महागडे स्वीट मात्र वरच्या डेकवर, पुष्कळदा अगदी पुढच्या किंवा मागच्या टोकाला. त्यामुळे घरात कोणाला कसारा घाटात मागच्या सीटवर बसल्यावर मळमळत असेल, तर समुद्रावरच्या सहलीत त्यांच्यासाठी वरचा स्वीट घेणं म्हणजे पैसे देऊन त्रास विकत घेणं. त्यांना खाली मध्यात ठेवा, डॉक्टरांना विचारून गोळी जवळ असू द्या आणि सोबत आलेपाक. गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर काही झालं नव्हतं, हा मुद्दा इथे लागू होत नाही. धरणात लाट कुठून येणार?

आता खालच्या डेकची दुसरी बाजू. खिडकी म्हणजे बहुधा न उघडणारी गोल काच. समुद्र खवळला की कर्मचारी तिच्यावर आतून लोखंडी झाकण लावतात, आणि मग दिवसाही खोलीत दिवा. इंजिनाची घरघर जास्त ऐकू येते. आणि छोट्या जहाजांवर लिफ्ट असेलच असं नाही, त्यामुळे नाश्ता, जेवण, गच्ची, सगळीकडे जिना चढून. गुडघे दुखणाऱ्यांना दिवसातून सात-आठ वेळा तो जिना चढायला लावणं हा छळ आहे. त्यांना भोजनगृह ज्या मजल्यावर आहे तोच मजला मागा.

हे सगळं समुद्राचं झालं. नदीवर गणित पार उलटतं. नाईलवर किंवा गंगेवर हेलकावे जवळजवळ नसतातच. हालाँगलाही चुनखडीच्या शेकडो बेटांच्या आडोशामुळे एरवी पाणी शांत असतं. तिथे खालच्या डेकचा एकमेव मोठा फायदा गळून पडतो आणि तोटे तेवढे उरतात. नाईलच्या बोटीत तळाच्या मजल्यावरची खिडकी पाण्याच्या जेमतेम वर असते. बोट धक्क्याला लागली की समोर दगडी बांध. म्हणून जी खोली मी समुद्रात आनंदाने घेईन, तीच नदीवर फुकट वरच्या मजल्यावर बदलून मिळत असेल तर लगेच बदलेन, आणि थोडे पैसे लागत असतील तरीही बदलेन.

आवाजाचं म्हणाल तर मागच्या टोकाला इंजिन आणि जनरेटर. बोट रात्री नांगरून उभी असली तरी दिवे आणि एसी चालवायला जनरेटर चालूच राहतो. पुढच्या टोकाला पहाटे नांगराची साखळी खडखडते. धक्क्याला लागताना जहाज आडवं सरकवणारा पंखा पुढेच असेल तर तोही घुमतो. वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडी गच्ची असेल तर सकाळी खुर्च्या ओढल्याचे आवाज. खालीच भोजनगृह असेल तर भांडी. यावर साधा उपाय आहे: जिच्या वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच आहेत, आणि जी जिन्यापासून दोन-तीन दारं लांब आहे, अशी खोली. जहाजाच्या मजल्यांचा नकाशा मागितला की हे पाच मिनिटांत दिसतं. छोट्या नौकांवर अशा खोल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत जायचं तर त्या आधीच धराव्या लागतात.

खिडकी, फ्रेंच बाल्कनी, खरी बाल्कनी

माहितीपत्रकातल्या ‘फ्रेंच बाल्कनी’ला भुलू नका. त्यात पूर्ण उंचीचं काचेचं दार सरकतं आणि पुढ्यात लगेच कठडा. खुर्ची सोडाच, पाऊल ठेवायलाही जागा नसते. वारा आणि उजेड मात्र भरपूर येतो, आणि नदीवर तेवढं मला पुरेसं वाटतं. खरी बाल्कनी म्हणजे दोन खुर्च्या आणि एक छोटं टेबल मावेल अशी. दोन्हींच्या भावात फरक असतो, तेव्हा ‘बाल्कनी आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. खुर्ची मावते का, असं स्पष्ट विचारा.

नाईलवर बाल्कनीसाठी जादा पैसे देण्याआधी एक गोष्ट माहीत हवी, जी एजंट सहसा आपणहून सांगत नाही. लक्झर, अस्वानसारख्या धक्क्यांवर बोटी एकमेकींना खेटून, तीन-तीन चार-चार अशा ओळीने बांधतात. किनाऱ्यावर जायला शेजारच्या बोटींच्या स्वागतकक्षांमधून चालत जायचं. तुमची बोट मध्ये अडकली, तर बाल्कनीचा पडदा उघडल्यावर नाईल दिसत नाही. हातभर अंतरावर दुसऱ्या बोटीतले पर्यटक दात घासताना दिसतात, आणि वर त्यांच्या जनरेटरचा धूर. तीन-चार रात्रींच्या सहलीत बोट बांधलेली असण्याचा वेळ बराच असतो. आणि जेव्हा ती खरोखर चालत असते, तेव्हा खोलीत बसतो कोण? सगळे वर गच्चीवर असतात, कारण दोन्ही काठ एकदम तिथूनच दिसतात. एस्नाच्या जलपाशापाशी (नदीची पातळी बदलते तिथे बोटी दारं लावून वर-खाली करायची जागा) तर छोट्या होड्यांतले विक्रेते खालून ओरडत चादरी आणि झगे थेट गच्चीवर भिरकावतात, पसंत पडलं तर पैसे खाली टाकायचे. ही गंमत पाहायची तर सर्वांनी वरच जायचं, स्वीटवाल्यांनीही आणि साध्या खोलीवाल्यांनीही. म्हणून नाईलवर माझी निवड दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावरची, मोठ्या खिडकीची साधी खोली.

हालाँगला मत बदलतं. तिथे नौका रात्री एकमेकींपासून अंतर राखून नांगरतात, आणि पहाटे बाल्कनीत बसलं की समोर पाण्यातून उभे राहिलेले सुळके. दोन रात्रींची सहल असेल तर बाल्कनी जरूर घ्या. एका रात्रीच्या सहलीत दुपारी चढायचं, गुहा आणि कयाक उरकायचं, जेवायचं, झोपायचं, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत उतरायचं. त्यात बाल्कनी वाट्याला येते ती तास-दीड तास. फरक थोडका असेल तरच द्यावा.

समुद्री जहाजावर बाल्कनीत वारा आणि खारट दमटपणा असतो, जहाज वेगात असताना फार वेळ बसवत नाही. तिथे एक स्वस्त पर्याय दुर्लक्षित राहतो: जिच्या खिडकीपुढे जीवरक्षक होडी टांगलेली आहे अशी खोली. दृश्य अडतं, पण दिवसाउजेड मिळतो आणि भाव उतरतो. मात्र खिडकीबाहेरून चालायची वाट जाते का, तेही बघा. जात असेल तर येणारे-जाणारे आत डोकावतात आणि पडदा कायम ओढलेला ठेवावा लागतो.

लहान मूल बरोबर असेल तर बाल्कनीचा वेगळाच उपयोग आहे. मूल आठ वाजता झोपलं की आईबाबांना अंधारात कुजबुजत बसावं लागत नाही, बाहेर बसता येतं. अर्थात कठड्याची उंची आणि दाराची कडी आधी पाहूनच.

स्वीट

स्वीटच्या क्षेत्रफळाचे आकडे गंगापूर रोडवरच्या नव्या इमारतीतल्या सुपर बिल्ट-अपसारखे वाचावेत. पुष्कळ ठिकाणी त्यात बाल्कनी धरलेली असते. ती वजा करून आतली जागा किती, ते विचारलं की स्वीट आणि साधी खोली यांतला फरक बराच आक्रसतो.

मोठ्या जहाजावर स्वीटवाल्यांना रांगेत उभं राहावं लागत नाही, त्यांचं भोजनगृह वेगळं असतं, पैसे त्या सोयींचे असतात. छोट्या जहाजावर मुळात रांगच नाही. सगळे एकाच भोजनगृहात जेवतात, एकाच वाटाड्याबरोबर देवळं बघतात, एकाच छोट्या होडीतून किनाऱ्यावर जातात. मग स्वीटमध्ये उरतं काय? जास्त जागा, मोठं न्हाणीघर, कदाचित धुलाई फुकट. तीन-चार रात्रींसाठी त्याचे दीडपट-दुप्पट पैसे देणं मला पटत नाही.

पटतं ते दोन प्रसंगी. एक, लांबची सहल. गंगा विलासचा पहिला प्रवास ५१ दिवसांचा होता; इतके दिवस कोंदट खोलीत कोणी काढू नयेत. दुसरा, बरोबर असे कोणी आहेत जे रोज उतरणार नाहीत. नाईलकाठची देवळं बघायला एडफूला पहाटे टांग्यात बसायला आणि कोम ओम्बोला पायऱ्या चढायला आई-आबा नको म्हणाले, तर त्यांचा अर्धा दिवस खोलीतच जाणार. मग त्यांना ऐसपैस स्वीट आणि तरण्यांना साधी खोली, ही वाटणी योग्य. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं.

चौघांच्या कुटुंबाने एका स्वीटमध्ये कोंबून घेण्यापेक्षा शेजारच्या दोन साध्या खोल्यांचा भाव काढून बघावा. अनेकदा रक्कम जवळपास तीच येते आणि न्हाणीघरं दोन मिळतात. सकाळी सहाला सगळ्यांना तयार व्हायचं असतं, तेव्हा त्याची किंमत कळते. ‘ट्रिपल शेअरिंग’मधला तिसरा पलंग बहुधा सोफा उलगडून केलेला असतो, तो कोणाच्या वाट्याला येणार हे नाशिकमध्येच ठरवून घ्या. एकट्याने जाणाऱ्याला दोघांच्या खोलीसाठी अधिभार पडतो. तो कोणत्या वर्गाच्या खोलीवर किती, ते वेगवेगळं विचारा, कारण साध्या खोल्यांवर काही कंपन्या तो कमी करतात.

बारीकसारीक

डावी बाजू की उजवी? मुंबईहून दक्षिणेला निघालं की कोकणचा किनारा डाव्या हाताला आणि मावळता सूर्य उजव्या. परतीला उलट, त्यामुळे जाऊन-येऊन सहल असेल तर डोकं शिणवू नका. लक्झरहून अस्वानला जाताना पश्चिम उजवीकडे येते. डिसेंबरात ती बाजू छान. मे महिन्यात मात्र तिकडे पारा चाळिशीपार असतो, तेव्हा पूर्वेची खोली मागा.

छोट्या जहाजांच्या न्हाणीघराला बऱ्याचदा उंच उंबरठा असतो, वयस्कांना आधीच सांगून ठेवा. पलंग दोन वेगळे हवेत की जोडून, ते आरक्षणातच लिहून द्या. आणि चहाची तल्लफ पहाटेच येणाऱ्यांसाठी: समुद्री जहाजांवर घरची विजेची किटली, इस्त्री किंवा पाण्यात बुडवायची कॉइल चालत नाही, चढतानाच काढून घेतात. खोलीत किटली असते का, हे विचारायला लाजू नये.

आरक्षण करताना

खोलीचा नंबर लेखी घ्या. ‘गॅरंटी’ नावाची स्वस्त खोली म्हणजे वर्ग पक्का, जागा कंपनी ठरवणार. ज्यांना आवाजाचा आणि हेलकाव्यांचा त्रास होत नाही त्यांनी ती खुशाल घ्यावी. नाईलच्या गटसहलींच्या कागदांवर बोटीच्या नावापुढे बारीक अक्षरांत ‘किंवा समकक्ष’ असं छापलेलं असतं. म्हणजे तिथे पोचल्यावर वेगळीच बोट मिळू शकते, आणि तुम्ही ज्या नकाशावरून मधली खोली निवडली तो नकाशाच गैरलागू. अशा सहलीत वरच्या वर्गाचे पैसे भरायचे असतील तर आधी बोटीचं नाव पक्कं लिहून मागा. एजंट ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणाला, तर सर्वांत साध्या वर्गाची खोली घ्या, आणि तळमजला नको एवढी एकच अट आरक्षणाच्या कागदावर लिहायला लावा.