मुरलेल्या फलंदाजाचा करार: आत्ताच लांबवायचा की वर्षाच्या बोलीवर ठेवायचा?

२०१४च्या मार्चमध्ये, सीझन तोंडावर आलेला असताना, अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या दोन संघांनी आपापल्या लाडक्या फलंदाजाचा करार वाढवला. बोस्टननं डेव्हिड ऑर्टिझला २०१५चं एक वर्ष दिलं, १.६ कोटी डॉलरचं, आणि पुढच्या दोन वर्षांसाठी ऑप्शन ठेवले, म्हणजे करार पुढे चालवायचा की नाही हे नंतर ठरवायची मुभा. डेट्रॉइटनं मिगेल कॅब्रेराला, जुन्या कराराची दोन वर्षं अजून शिल्लक असताना, त्यापुढची आठ वर्षं दिली. रक्कम २४.८ कोटी. ऑर्टिझ तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि कॅब्रेरा अजून ३१चाही झाला नव्हता. वय पाहणारा कुणीही म्हणाला असता की धोका बोस्टननं पत्करलाय.

२०१६मध्ये दोघांनीही नेमके ३८-३८ होम रन मारले. ऑर्टिझ तेव्हा चाळीस वर्षांचा. त्यानं १२७ आरबीआय काढले (म्हणजे त्याच्या बॅटमुळे तेवढ्या धावा झाल्या), ४८ डबल्स (दोन बेसचे फटके) मारले आणि आधीच जाहीर केल्याप्रमाणे निवृत्त झाला. बोस्टनचा हिशेब मिटला. कॅब्रेराच्या नव्या कराराचं मात्र ते पहिलंच वर्ष होतं. पुढच्या सात वर्षांत मिळून त्याच्या बॅटमधून ६५ होम रन आले.

म्हणून करार वाढवायचा की नाही असा प्रश्न आला, की आज त्याचं वय काय हे मी आधी बघत नाही. नव्या कराराचा पहिला पगार हातात पडेल त्या दिवशी तो किती वर्षांचा असेल आणि शेवटचा पडेल तेव्हा किती, हे बघतो. कॅब्रेराच्या बाबतीत ही उत्तरं ३३ आणि ४० अशी होती. सही झाली त्या वेळी तो लागोपाठ दोन वर्षांचा एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) होता, २०१२चा ट्रिपल क्राउन (सरासरी, होम रन आणि आरबीआय, तिन्हींत लीगमध्ये पहिला) त्याच्या नावावर होता, आणि त्याआधीचा ट्रिपल क्राउन १९६७चा होता. समोर असा माणूस असताना चाळिशीचं गणित कोण मांडणार?

मी डेट्रॉइटजवळ राहतो, टायगर्स हा माझा संघ. त्यामुळे यातली एक बाजू मी जवळून पाहिली आहे. शिवाय हाच निर्णय मला स्वतःला घ्यावा लागला आहे, आमच्या ऑफिसातल्या कीपर लीगमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणाऱ्या काल्पनिक संघांच्या खेळात, जिथं खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखता येतो. लीग जुन्या पद्धतीची आहे: २६० डॉलरचा लिलाव आणि खेळाडू राखायचा तर वाढवलेल्या प्रत्येक वर्षामागे त्याच्या किमतीत पाच डॉलरची भर. खरे पैसे किरकोळच, पण पेच तोच. तुमच्याही लीगमध्ये हिवाळ्यात हा प्रश्न येत असेल, किंवा आपल्या संघानं काय करावं यावरून घरी वाद होत असतील, तर हे तुमच्यासाठी.

आधी लांब कराराची बाजू, कारण ती कमकुवत नाही. २३ एप्रिल २०२२ला कॅब्रेरानं ३०००वा हिट मारला तेव्हा मी टायगर्सच्या मैदानात, कोमेरिका पार्कमध्ये होतो. दोन दिवस आधी यांकीजनं त्याला मुद्दाम वॉक दिला होता, म्हणजे मारायला चेंडूच न देता बेसवर जाऊ दिलं होतं, आणि सगळं स्टेडियम त्यावर ओरडलं होतं. मधला दिवस पावसात गेला. शनिवारी पहिल्याच इनिंगमध्ये त्यानं उजव्या बाजूनं साधा सिंगल काढला, आणि धावत येऊन त्याला पहिली मिठी मारली ती समोरच्या संघाच्या शॉर्टस्टॉपनं, होजे इग्लेसियासनं, जो पूर्वी डेट्रॉइटकडूनच खेळायचा. माझ्या शेजारच्या रांगेतले एक आजोबा उघड रडत होते. ५००वा होम रन टोरांटोत झाला असला तरी अंगावर जर्सी डेट्रॉइटचीच होती. हे सगळं त्या करारामुळे मिळालं, आणि शहराला असलं काही हवं असतं हे मी मनापासून मानतो. पैशाच्या बाजूनंही एक मुद्दा आहे. भरात असलेल्या खेळाडूला बाजारात जाऊ दिलं की त्याची किंमत संघाच्या हातात राहत नाही. २०१४च्या त्याच मार्चमध्ये डेट्रॉइटचा पिचर (गोलंदाज) मॅक्स शर्झर यानं संघाची सहा वर्षांची, १४.४ कोटींची ऑफर नाकारली, आणि पुढच्या हिवाळ्यात तो वॉशिंग्टनकडे सात वर्षांसाठी २१ कोटींना गेला. एक हातातून निसटतोय हे दिसत असताना दुसऱ्याला घट्ट धरावंसं वाटणं स्वाभाविक होतं. मालक माइक इलिच ऐंशीच्या पुढचे होते, त्यांना आपल्या संघानं वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची अंतिम मालिका, जिंकलेली बघायची होती. त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही.

आता दुसरी बाजू. सेंट लुइसनं २०११च्या सीझनआधी आपल्या फलंदाजाशी, आल्बर्ट पुहोल्सशी, कराराची बोलणी केली आणि ती फिसकटली. त्या वर्षी ते वर्ल्ड सिरीज जिंकले, तिसऱ्या सामन्यात पुहोल्सनं एकट्यानं तीन होम रन मारले, आणि डिसेंबरात तो दहा वर्षांच्या २४ कोटींच्या करारावर एंजल्स संघाकडे गेला. तीन वेळचा एमव्हीपी, अकरा वर्षं तिथंच घडलेला. लोकांनी जर्सी कपाटात टाकल्या. पण तो गेला म्हणून भरपाईत जे ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) मिळाले त्यातल्या एकावर सेंट लुइसनं पिचर मायकेल वाका घेतला. २०१३मध्ये हाच वाका नॅशनल लीगच्या (मेजर लीगमधल्या दोन लीगपैकी एक) अंतिम मालिकेचा एमव्हीपी ठरला आणि संघ पुन्हा वर्ल्ड सिरीजला पोचला. एंजल्स पुहोल्सच्या सगळ्या काळात एकदाच प्लेऑफ्सला (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना) गेले, २०१४ला, आणि तीन सामन्यांत सरळ हरून घरी आले.

इथं थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. नॅशनल लीगमध्ये तेव्हा डीएच (पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा, फिल्डिंग न करणारा खेळाडू) नव्हता, तो कायमचा आला २०२२मध्ये. पुहोल्स सेंट लुइसमध्ये राहिला असता तर दुखऱ्या पायानं त्याला रोज फर्स्ट बेसवर फिल्डिंगला उभं राहावं लागलं असतं. २०१३मध्ये तळपायाच्या दुखण्यानं त्याचा सीझन जुलैतच संपला. आता दोन्ही लीगमध्ये डीएच आहे, म्हणून पुष्कळजण म्हणतात की म्हातारा झाला तरी बॅट चालेल, बसवू त्याला डीएचला. माझं मत नेमकं इथंच बदललं.

आमच्या लीगमध्ये माझ्याकडे असाच एक नामांकित फलंदाज होता. नाव घेत नाही, कारण दोष त्याचा नव्हता, गुडघ्याचा होता. ‘डे-टू-डे’ हे दोन शब्द फोनवर किती वेळा वाचले याला गणती नाही. डे-टू-डे म्हणजे तो खेळत नाही, पण इंजर्ड लिस्टवरही (आयएल, म्हणजे जायबंदी खेळाडूंची यादी) नाही. लिस्टवर गेला असता तर माझी आयएलची जागा वापरून मी दुसरा फलंदाज उचलला असता. तो नुसता डगआउटमध्ये बसलेला. आमची लाइनअप आठवडाभरासाठी सोमवारी बंद होते. सोमवारी दुपारी बातमी यायची की बहुतेक उद्या खेळेल. मी त्याला आत ठेवायचो, मंगळवारी तो नसायचा, बुधवारी नवव्या इनिंगमध्ये पिंच हिटर (बदली फलंदाज) म्हणून एकदा यायचा आणि शुक्रवारी पुन्हा सूज. आठवडा गेला. त्यातून तो फक्त डीएच, म्हणजे युटिलिटीच्या (कुठलाही फलंदाज चालणाऱ्या) एकाच खणात बसणारा. त्या खणात दुसरा कुणी डीएच बसवता येत नाही, आणि फ्री एजंटमध्ये (कुणाच्याच संघात नसलेल्यांत) एखादा तरणा, नुसती बॅट चालवणारा पोरगा दिसला की तो मला घेता यायचा नाही. बाहेर एकेक असे पोरगे दुसऱ्या मालकांनी उचलले, ते मी बघत राहिलो.

खऱ्या संघातही हेच होतं, फक्त जास्त महाग. रोस्टर (संघाची यादी) २६ जणांचं, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. उरले १३. आठ मैदानात, एक डीएचला, चार बेंचवर, त्या चारांतला एक दुसरा कॅचर (विकेटकीपरसारखा), ज्याला मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) शक्यतो हात लावत नाही. म्हणजे हाताशी तीन. त्यात एक डे-टू-डे असेल तर दोन. लिस्टवर टाकलं तर फलंदाज दहा दिवसांसाठी जातो, आणि दिग्गज म्हणतो, मी दोन दिवसांत उभा राहतो. त्याला नाही कोण म्हणणार? मग संघ वाट बघतो. शिवाय डीएचची जागा ही नुसती एका बॅटची जागा नसते. कॅचरचे गुडघे वाचवायला, थर्ड बेसमनला अर्धी सुट्टी द्यायला, आखडलेल्या पायाच्या आउटफिल्डरला खेळवत ठेवायला मॅनेजर तीच जागा वापरतो. ती एकाच्या नावावर लिहून दिली की बाकी आठजणांची विश्रांती गेली. होम रन कमी झाले हे आकड्यांत दिसतं. हे नुकसान तिथं सहज दिसत नाही. मी त्याचं मोजमाप केलेलं नाही, पण ते सीझन मी जगलोय आणि माझ्यापुरता निकाल त्यानंच दिला.

आणि लांब करार असला की मॅनेजरला भीड पडते. वर्षाला ३.२ कोटी घेणाऱ्या माणसाला आज बस म्हणणं सोपं नाही, आणि भीड ही भिकेची बहीण. एंजल्सकडे २०२१मध्ये फर्स्ट बेसवर जॅरेड वॉल्श होता आणि डीएचला शोहेइ ओहतानी. पुहोल्सला रोज खेळायचं होतं, जागा नव्हती, आणि कराराच्या शेवटच्या वर्षी मे महिन्यातच त्यांनी त्याला सोडून दिलं. पुढच्या वर्षी तोच पुहोल्स सेंट लुइसला परत आला, एका वर्षासाठी, २५ लाख डॉलरवर. वय ४२. मॅनेजरनं त्याला मुख्यतः डावखुऱ्या पिचरसमोर खेळवलं, बाकीचे दिवस बसवलं, आणि त्यात कुणाचा अपमान झाला नाही. त्यानं २४ होम रन मारले, कारकिर्दीत ७०० पार केले आणि ७०३वर थांबला. माणूस तोच, गुडघे-तळपाय आणखी एका वर्षानं जुने. बदलली होती ती कराराची लांबी, आणि तिनं मॅनेजरचे हात मोकळे केले. निदान मी तरी ते असंच वाचतो.

वर्षाच्या बोलीत खोट नाही असं नाही. दर हिवाळ्यात तोच खेळ, घरच्या लोकांना धाकधूक, दुसरा संघ जास्त पैसे देऊन घेऊन जाईल ही भीती. आणि चांगलं खेळला की भाव चढतो. सेंट लुइसचाच पिचर ॲडम वेनराइट २०१९ला २० लाखांच्या मूळ पगारावर खेळला. २०२१मध्ये त्यानं १७ सामने जिंकले, आणि २०२२, २०२३ला त्याला प्रत्येकी १.७५ कोटी द्यावे लागले. त्यातलं शेवटचं वर्ष फार वाईट गेलं, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी) ७.४०. तरी २००वा विजय त्याच वर्षी मिळाला, आणि वाईट गेलं ते एकच वर्ष. लॉस एंजेलिस डॉजर्समध्ये पिचर क्लेटन कर्शॉही २०२२पासून असाच छोट्या छोट्या करारांवर राहिला. २०२५ला त्यानं ३००० स्ट्राइकआउट पुरे केले, ११ जिंकले, दोन हरले आणि वर्ल्ड सिरीज जिंकून निवृत्त झाला. म्हणजे एकाच जर्सीत शेवट करायला आठ वर्षांची सही लागतेच असं नाही.

एक कलम बरेचजण विसरतात. मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच त्याच संघात झाली, की खेळाडूच्या मर्जीशिवाय त्याचा ट्रेड (दुसऱ्या संघाशी अदलाबदल) होत नाही. मुरलेल्या खेळाडूला लांब करार देता तेव्हा बहुधा हा हक्कही सोबत देता. डेट्रॉइटचा पिचर जस्टिन वर्लँडर याला हा हक्क होता. २०१७च्या ऑगस्टच्या शेवटच्या रात्री, मुदत संपायला काही मिनिटं असताना त्यानं ह्यूस्टनला होकार दिला आणि त्याच वर्षी तिथं वर्ल्ड सिरीज जिंकली. तो नाही म्हणाला असता तर डेट्रॉइटला काहीच करता आलं नसतं.

टायगर्स २०१५ ते २०२३ एकदाही प्लेऑफ्सला गेले नाहीत, २०१९ला ११४ सामने हरले. ते एकट्या कॅब्रेरामुळे झालं असं म्हणणं अन्याय होईल. त्या संघात पिचिंगपासून सगळंच ढासळलं होतं. आणि २०२४ला प्लेऑफ्स मिळाले ते पिचर टॅरिक स्कूबलच्या जिवावर, कॅब्रेरा निवृत्त झाला म्हणून नव्हे. पण त्या वर्षी डीएचला कधी हा, कधी तो असे वेगवेगळे लोक दिसायचे, आणि संघ बघताना मला मोकळं वाटायचं, एवढं खरं.

माझ्या लीगमध्ये मी त्या फलंदाजाला राखलं नाही. पाच-पाच डॉलर चढवून दोन वर्षं बांधण्याऐवजी त्याला लिलावात परत जाऊ दिलं आणि तिथून कमी भावात, एका वर्षासाठी पुन्हा घेतलं. त्या सीझनलाही तो मधूनमधून डे-टू-डे झालाच. फरक इतकाच की जूनमध्ये मी त्याला काढून टाकू शकलो आणि पुढच्या वर्षाच्या हिशेबात त्याचा एक डॉलरही उरला नाही.

तुमचा खेळाडू कॅचर असेल तर थोडा वेगळा विचार करा. यादिएर मोलिनाला सेंट लुइसनं २०१७च्या एप्रिलमध्ये, ३४व्या वर्षी, आणखी तीन वर्षं दिली आणि २०१८ला त्यानं गोल्ड ग्लव्ह (उत्तम फिल्डिंगचा पुरस्कार) मिळवला. त्याची किंमत बॅटमध्ये नव्हतीच, पिचरना सांभाळण्यात होती, आणि ती लवकर उतरत नाही. तरी त्याच्याही शेवटच्या दोन सह्या एकेका वर्षाच्याच होत्या. नुसती बॅट असलेल्या, तिशी ओलांडलेल्या खेळाडूसाठी मात्र मी ऑर्टिझचा नमुना समोर ठेवीन: एक वर्ष पक्कं, पुढचं क्लबच्या ऑप्शनवर, आणि पैसे लागले तर त्या एका वर्षात जास्त द्या. खेळाडू आठ वर्षंच मागत असेल, तर त्याला बाजारात जाऊ द्या आणि भरपाईचा पिक कुणावर वापरायचा ते आत्तापासून बघून ठेवा.