मोटरहोम घेताय? थॉर, फॉरेस्ट रिव्हर की विनेबागो: पंधरा वर्षांनी कोण उरेल?

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी निवृत्तीच्या आसपास आलेले बरेच जण मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, बघत असतात. लांबी किती, स्लाइड-आउट (उभ्या गाडीतून बाहेर सरकणारे खोलीचे भाग) किती, पेट्रोल की डिझेल, हे त्यांचं ठरलेलं असतं. अडतं ते एकाच ठिकाणी: आज ज्यांच्याकडून घेऊ, ते पंधरा वर्षांनी असतील का?

शंका रास्त आहे. ओढायच्या ट्रेलरसकट धरलं तर 2006 मध्ये या उद्योगातून सुमारे 3 लाख 90 हजार वाहनं बाहेर पडली, 2009 मध्ये जेमतेम 1 लाख 66 हजार. त्या घसरणीत कॅलिफोर्नियातली नॅशनल आरव्ही 2007 मध्येच बुडाली. मार्च 2009 मध्ये फ्लीटवूड आणि मोनॅको पाठोपाठ दिवाळखोरीत गेल्या आणि ओरेगनमधली कंट्री कोचही त्याच वर्षी त्या वाटेने गेली. फ्लीटवूड, मोनॅको ही नावं पुढे नव्या मालकांनी चालवली, पण रस्त्यावर असलेल्या जुन्या गाड्यांच्या वॉरंटीचा भार त्यांनी उचलला नाही. 2021 मध्ये वर्षाच्या वाहनांचा आकडा 6 लाखांवर गेला आणि 2023 मध्ये 3 लाख 13 हजारांवर आला. हा धंदा असाच हेलकावे खात चालतो.

आज बाजाराचा मोठा हिस्सा तीन घरांकडे आहे. नुसतं आर्थिक बळ पाहिलं तर फॉरेस्ट रिव्हर सगळ्यात निश्चिंत. पीट लीगल यांनी 1996 मध्ये सुरू केलेली ही कंपनी 2005 पासून वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेच्या मालकीची आहे. पाठीशी एवढा पैसा असताना एखाददुसऱ्या मंदीने ती बंद पडेल असं मला वाटत नाही. लीगल नोव्हेंबर 2024 मध्ये वारले. बफे यांनी पुढच्या वार्षिक पत्रात त्यांच्यावर फार आपुलकीने लिहिलं आहे. एका माणसाच्या पकडीत इतकी वर्षं चाललेली कंपनी त्याच्यामागे कशी चालते, ते मात्र अजून दिसायचंय.

थॉर आकाराने सगळ्यात मोठी. 1980 मध्ये एअरस्ट्रीम विकत घेऊन सुरुवात झाली. मग 2016 मध्ये जेको, 2019 मध्ये जर्मनीची हायमर, 2020 च्या अखेरीस टिफिन. छत्री भक्कम आहे, त्याखालच्या प्रत्येक नावाचं तसं सांगता येत नाही. डेमन आणि फोर विंड्स या दोन कंपन्या एकत्र करून थॉर मोटर कोच झाली. 2025 च्या सुरुवातीला थॉरचीच हार्टलँड ही कंपनी जेकोच्या हाताखाली गेली. हायमर घेताना तिची उत्तर अमेरिकेतली शाखा, म्हणजे रोडट्रेक नावाच्या मोटरहोम व्हॅन बनवणारी कंपनी, हिशेबातले घोटाळे उघड झाल्यामुळे थॉरने बाहेर ठेवली आणि ती लगेच बुडाली. नंतर रोडट्रेक फ्रान्सच्या रापिडोने घेतली. पण मधल्या काळात ज्यांची गाडी वॉरंटीत होती, त्यांनी कुणाला फोन करायचा?

विनेबागो या दोघींपुढे लहान. 2024 या आर्थिक वर्षात थॉरची उलाढाल सुमारे 10 अब्ज डॉलर, हिची 3 अब्जांच्या आत. आयोवातल्या फॉरेस्ट सिटी गावात 1958 पासून आहे आणि 2009 ची मंदी तिने दिवाळखोरीविना काढली. ग्रँड डिझाइन आणि न्यूमार या कंपन्या आता तिच्याकडे आहेत. अलीकडे तिच्याही मोटरहोमचा खप मंदावलाय, हे लपवण्यात अर्थ नाही. इटास्का हा आपला जुना ब्रँड तर तिनेही बंद केलाच.

म्हणजे ताळेबंदावर निवड करायची तर विनेबागो तिसरी येते. तरी मी तीच घेतली. त्याचं कारण माझी आधीची गाडी.

ती जुनी क्लास सी (ट्रक-व्हॅनच्या केबिनमागे घर बांधलेली मोटरहोम) होती, बनवणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेलेली. नाव सांगत नाही. एकदा खराब रस्त्यावर डाव्या बाजूचे दिवे आणि पाण्याचा पंप एकदम बंद पडले. इंजिनाची काळजी नव्हती. चासी, म्हणजे चाकं-इंजिनासकट खालचा सांगाडा, फोर्डची; तिचे भाग कुठेही मिळतात. फ्रिज, एसी, हीटर हीसुद्धा बाहेरच्या कंपन्यांची, तीही बदलता येतात. मोटरहोम पोरकं होतं ते घराच्या भागात: भिंतीतली वायर, खिडकीची चौकट, स्लाइडची मोटर, गाडीच्या तोंडावरच्या आवरणाचं फायबरग्लास. माझ्या गाडीचा वायरिंग डायग्राम कुणाकडेच नव्हता. मेकॅनिकने कपाटं उतरवली, पलंगाखालची फळी काढली, आणि वायर कुठून कुठे जाते ते चाचपडत शोधलं. बिघाड म्हणजे एक सैल जोड, हाताला लागल्यावर मिनिटभराचं काम. बिल मात्र शोधण्याच्या तासांचं आलं. पैशापेक्षा मला जास्त लागली ती असहायता. आपलंच घर, आणि त्याच्या भिंतीत काय आहे हे सांगणारं जगात कुणी नाही.

पुढची गाडी बघताना मी म्हणूनच आधी कागद शोधले. विनेबागो जुन्या मॉडेलांचेसुद्धा वायरिंग आणि नळांचे डायग्राम, सुट्या भागांच्या याद्या आपल्या संकेतस्थळावर खुल्या ठेवते. मॉडेल आणि वर्ष निवडलं की पान उघडतं, डीलरची मनधरणी करावी लागत नाही. मी ते उतरवून घेतले आहेत. उद्या विनेबागो राहिली नाही, तरी माझ्या गाडीचा नकाशा माझ्याकडे राहील. लिथियम बॅटरी बसवून घेताना त्याच डायग्रामवर बोट ठेवून आम्ही बोललो, आणि एकही फळी उगाच काढावी लागली नाही.

माझा अनुभव एका गाडीचा, दुसऱ्याचा वेगळा असू शकतो. फॉरेस्ट रिव्हर त्याच लांबीत पुष्कळदा स्वस्त पडते. पाच-सहा वर्षांत विकायचीच असेल तर तो फरक खिशात ठेवावा, असं मीही म्हणेन. मोठी डिझेल गाडी हवी असेल तर थॉरच्या घरातली टिफिन जरूर बघा. अलाबामातल्या रेड बे या कारखान्याच्या गावीच दुरुस्तीची सोय आहे आणि तिचं नाव चांगलं आहे. कॅनडाच्या मॅनिटोबातली ट्रिपल ई लहान आहे, पण 1965 पासून टिकून आहे. तिच्या लीझर ट्रॅव्हल व्हॅन्स मला मनापासून आवडतात.

पण गाडी दहा-पंधरा वर्षं ठेवायची असेल, तर माझा कल विनेबागोकडे. दुसरी कुठली घेत असाल तर सही करण्याआधी डीलरकडे त्याच मॉडेलचा, त्याच वर्षाचा वायरिंग डायग्राम मागा. "नंतर पाठवतो" म्हणाले, तर येईपर्यंत थांबा.