चावी बंद, इंजिन चालू: कार्बनच्या नावाखाली माझे २,२३५ डॉलर लुबाडले

अमेरिकेत दोन-चार एकर घेऊन जुना पेट्रोलवरचा ट्रॅक्टर ठेवलेल्या आपल्या लोकांनी हे वाचाच.

माझा फोर्ड ८एन, १९५० चा. चावी बंद केली तरी इंजिन थांबेना. दुरुस्तीवाला आला आणि बॉनेटला हात न लावता म्हणाला, "आत कार्बन तापून लाल होतो, त्यावर पेट्रोल पेटतं. हेड उघडावं लागेल." हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. हेड-व्हॉल्व्हचे १,४५०, कार्ब्युरेटरचे ३८५, ट्रेलरने ने-आण ४०० डॉलर. सगळे आगाऊ, फोनवरून.

तिथेच ओळखायला हवं होतं! कार्बनवर पेटणारं इंजिन गचके देतं, खोकत खोकत थांबतं. माझं चावी काढूनही शिवणयंत्रासारखं एका लयीत चालत होतं. म्हणजे प्लगला स्पार्क मिळतच होता. पण जुन्या इंजिनात कार्बनचा त्रास खरोखर होतो, त्यामुळे त्याचं बोलणं कुणालाही पटलं असतं.

ट्रॅक्टर परत आला तो तसाच. हेडच्या बोल्टांवरचा जुना लाल रंग जागचा हललेला नाही, एकाही कोपऱ्यावर पान्याचा ओरखडा नाही. हेड उघडलंच नव्हतं! जुने पार्ट परत मागत जा, आणि ट्रॅक्टर नेण्याआधी बोल्टांचे फोटो काढून ठेवा.

खरं कारण मीच शोधलं. हा ट्रॅक्टर मुळात ६ व्होल्टचा, जनरेटरवाला. आधीच्या मालकाने १२ व्होल्ट करून जनरेटरच्या जागी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा नवा प्रकार) बसवलेला. चावी बंद केल्यावर त्याच्या बारीक वायरमधून करंट उलटा स्पार्क देणाऱ्या कॉइलकडे जात होता. अल्टरनेटरचा छोटा प्लग उपसला, इंजिन तिथल्या तिथे बंद. (चालू इंजिनावर बॅटरीची केबल मात्र काढू नका, अल्टरनेटर जळेल.) त्या वायरमध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा पार्ट) घातला, पट्टीची बाजू अल्टरनेटरकडे. खर्च ३ डॉलर.

शेरीफच्या ऑफिसात सांगितलं, "हा दिवाणी मामला." बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक तक्रार कार्यालयाने भलामोठा फॉर्म भरून घेतला, पावत्या दोनदा मागवल्या आणि शेवटी कळवलं की समोरच्याने उत्तर दिलं नाही, सबब प्रकरण बंद. अरे, लुबाडणारा उत्तर देईल कशाला? मग हे कार्यालय आहे तरी कोणासाठी?

फोनवरून आगाऊ पैसे पाठवू नका. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान वाद घालता आला असता.

त्या दुरुस्तीवाल्याच्या पावतीवर "नवीन हेड गॅस्केट" असं लिहिलंय, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, जे हेड उघडल्याशिवाय बसूच शकत नाही. ती पावती आणि बोल्टांचे फोटो जोडून मी स्मॉल क्लेम्स कोर्टात (छोट्या रकमांचे दावे चालवणारं कोर्ट) दावा लावलाय.