पऱ्हाटीची कुट्टी आणि डिकंपोझर: जवळजवळ वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

ज्यांना फक्त करावं की नाही एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते, पऱ्हाटीची, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या झाडांची, कुट्टी (बारीक तुकडे) जरूर करा आणि ती शेतातच जिरवा, डिकंपोझरच्या, म्हणजे काडीकचरा लवकर कुजवायला विकतात त्या जिवाणूंच्या, बाटलीकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. आता का ते सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे चोपडा भागात या विषयावर जे बोललं जातं त्यातलं निम्मं दुकानातून ऐकलेलं असतं.

जमीन आमची काळी, भारी, विहिरीचं पाणी आणि ठिबक. डिसेंबर संपता संपता शेवटची वेचणी झाली, फरदड (वेचणीनंतरही तेच झाड पाणी देऊन पुन्हा पिकवणं) ठेवायची नव्हतीच, 2017 साली गुलाबी बोंडअळीने काय हाल केले ते सगळ्यांना आठवतंय. दरवर्षी काय व्हायचं, पऱ्हाट्या उपटायच्या, बांधावर रचायच्या, थोडं सरपण घरी आणि बाकीच्याला काडी. या वेळी ट्रॅक्टरवरचं कुट्टी मशीन भाड्याने आणलं. शेजारचे जिभाऊ बांधावर उभे राहून म्हणाले, "कसाले इतला खर्च करी ऱ्हायनी, काडी लाई दे नि मोकळी व्हय." मशीन फिरवायच्या आधी मजुरांकडून किडकी, न उमललेली बोंडं तोडून घेतली, हे काम टाळू नका, अळी त्यातच बसलेली असते.

कुट्टी पसरली, एकरी पंधरा-वीस किलो युरिया टाकला, हलकं रोटाव्हेटर मारून वरच्या थरात मिसळली आणि एक पाणी दिलं. डिकंपोझर नेहमीच्याच पद्धतीने केलं, 200 लिटरच्या ड्रममध्ये 2 किलो गूळ आणि कल्चर, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. पण ते सगळ्या शेताला दिलं नाही, मधले काही तास (ओळी) मुद्दाम सोडले आणि खुणेला खुंट्या ठोकल्या, म्हणजे फरक दिसला तर तो कशाने पडला ते तरी कळेल.

एप्रिल-मेमध्ये काही म्हणजे काहीच झालं नाही. 44-45 डिग्रीत माती कोरडी ठणठणीत, कुट्टी जशीच्या तशी. तेव्हा घरात सगळ्यांचं मत होतं की पैसे गेले. पण कोरड्या मातीत जिवाणू काम करतच नाहीत, ते पडून राहतात, ओल आली की उठतात, त्यामुळे उन्हाळ्यातलं चित्र बघून निकाल लावू नका. जूनचा पाऊस झाला आणि आषाढ लागेपर्यंत चित्र पालटलं. एक तुकडा उचलून बघितला तर साल बोटाने सरकत होती, साल आणि लाकडाच्या मधे पांढऱ्या बुरशीचे धागे जाळीसारखे पसरलेले, आतलं लाकूड पिवळट, भुसभुशीत, अंगठ्याने दाबलं की मोडत होतं, आणि मातीला तो पहिल्या पावसाचा वास. पऱ्हाटी लाकडी असते, त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा भाग, फोडायचं मुख्य काम बुरशीचं, जिवाणू त्याच्या मागून येतात.

आणि खुंट्या ठोकलेले तास? पोळ्यापर्यंत मला तरी डोळ्याने फरक दिसला नाही. जिथे डिकंपोझर दिलं तिथे आणि नाही दिलं तिथे, दोन्हीकडे सारखंच कुजलेलं. एक ग्रॅम मातीत आधीच कोट्यवधी जिवाणू असतात, त्यांना बाहेरून पाहुणे नकोत, त्यांना ओल, हवा आणि नत्र (नायट्रोजन) हवं. हे माझ्या शेतापुरतं आहे. उकिरड्यावर, खड्ड्यात कंपोस्ट लवकर करायचं असेल तर कल्चर वापरायला काहीच हरकत नाही, शिवाय ते स्वस्तही पडतं, केंद्र सरकारच्या गाझियाबादच्या जैविक शेती केंद्राची वेस्ट डिकंपोझरची बाटली 20 रुपयाला मिळायची.

युरिया कशाला, सेंद्रिय करताना रासायनिक कशाला, असं बरेच विचारतात. हिशोब असा आहे. वाळलेल्या पऱ्हाटीत साधारण 40 ते 45 टक्के कार्बन, आणि नत्र इतकं कमी की एका भागाला कार्बन साठ भाग किंवा जास्त. जिवाणूंच्या स्वतःच्या शरीरात हेच प्रमाण साधारण आठाला एक. म्हणजे पऱ्हाटी खाऊन वाढायचं तर त्यांना नत्र कमी पडतं, मग ते मातीतलं ओढून घेतात आणि वर उभं पीक पिवळं पडतं. गावात "कुट्टी केली की पीक बसतं" अशी जी तक्रार आहे ना, ती बहुतेक याचीच. युरिया नको असेल तर शेणखत द्या, नाहीतर पेरणीच्या बऱ्याच आधी कुट्टी मिसळा.

आता खरा विषय, सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पदार्थांतून मातीत साठलेला कार्बन. मला आधी वाटायचं की पऱ्हाटीचा जो भाग कुजत नाही तोच मातीत कर्ब म्हणून साठतो. तसं नाहीये. जे साठतं ते मुख्यतः जिवाणू आणि बुरशीच्या शरीरातून गेलेलं असतं. ते काडी खातात, त्यातला निम्म्याहून जास्त कार्बन श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, उरलेल्याचं त्यांचं शरीर बनतं, मग ते मरतात आणि त्यांचे अवशेष चिकणमातीच्या बारीक कणांना घट्ट चिकटतात, तिथे दुसऱ्या जिवाणूंना सहज पोचता येत नाही म्हणून वर्षानुवर्षं टिकतात. शेतजमिनीच्या वरच्या थरातल्या कर्बाचा साधारण निम्मा भाग असा मेलेल्या सूक्ष्मजीवांचाच असतो. हे वाचलं तेव्हापासून मी शेताकडे बघते ते वेगळ्याच नजरेने, खरंच. आणि आपल्या काळ्या मातीत चिकण भरपूर, म्हणजे चिकटायला जागा भरपूर. जागा मोकळी मात्र आहे, कारण काळा रंग म्हणजे कर्ब जास्त असं नसतं, खानदेशातल्या कितीतरी काळ्याभोर शेतांचा माती तपासणीचा रिपोर्ट 0.50 टक्क्याच्या खालीच येतो, म्हणजे कमी.

म्हणूनच "एका हंगामात कर्ब दुप्पट" असं जे बाटलीवर छापतात त्यावर विश्वास ठेवू नका. एका एकरात वरच्या सहा इंचात साधारण 8 लाख किलो माती असते. कर्ब फक्त 0.1 टक्क्याने वाढवायचा तर 800 किलो कार्बन टिकायला हवा. एकरी एक टन वाळली पऱ्हाटी धरली तर आत गेला 430 किलोच्या आसपास, त्यातला दीर्घकाळ टिकणारा 60-70 किलो धरा. म्हणजे नुसत्या पऱ्हाटीवर बारा-तेरा वर्षं! इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून एकाच शेतावर प्रयोग चालू आहे, तिथे दरवर्षी शेणखत दिलेल्या तुकड्यात कर्ब बिनखताच्या तुकड्याच्या दुपटीहून जास्त झाला, पण त्याला कित्येक दशकं लागली. आपल्याकडे उष्णता जास्त म्हणून जळतोही लवकर, त्यात वरचेवर रोटाव्हेटर मारला की ढेकळात लपलेला कर्ब उघडा पडतो आणि जिवाणू तोही खाऊन टाकतात. म्हणून मिसळायला एकदा हलकं मारलं ते पुरे. पिकाची मुळं जमिनीतच राहू द्या, मुळातला कार्बन वरच्या काडीपेक्षा जास्त टिकतो.

मग एका वर्षात मिळालं काय? पावसानंतर मातीवर कडक पापडी कमी धरली, वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती) दोन पाण्यांच्या मधे जास्त टिकला, तण काढायचं कोळपं हलकं चाललं, गांडुळं दिसायला लागली. उत्पन्नाचं मी काही बोलणार नाही, एका वर्षावरून सांगणं बरोबर नाही. त्रास म्हणाल तर मशीनचं भाडं, आणि कुट्टी जाड पडली तर पेरणीच्या वेळी फणात अडकते, ड्रायव्हरला बारीक करायला लावा, तो घाई करतो.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांनी तर हे नक्की करावं, खोडं नाल्यात टाकू नका, त्यात पालाश (पोटॅश) भरपूर असतं, बारीक करून तिथेच सरीत टाका, ओलं असल्याने पऱ्हाटीपेक्षा कितीतरी लवकर कुजतं.

माती तपासणी करणार असाल तर नमुना दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून घ्या, आणि कुट्टी मिसळल्यावर लगेच तर अजिबात घेऊ नका, न कुजलेले तुकडे नमुन्यात येतात आणि आकडा उगाच फुगतो. मशीनचं बुकिंग मात्र डिसेंबर लागताच करून ठेवा, वेचणी संपली की सगळं गाव एकाच मशीनच्या मागे लागतं.