वेलिगामा की अरुगम बे? श्रीलंकेत सर्फिंगला जायचंय त्यांच्यासाठी

आधी रजा कधी मिळतेय ते बघा, जागा नंतर. नोव्हेंबर ते एप्रिल जाणार असाल तर दक्षिणेचं वेलिगामा, साधारण मे ते सप्टेंबर असेल तर पूर्वेचं अरुगम बे. मान्सूनची दिशा बदलली की एक किनारा चालू होतो आणि दुसरा बंद पडतो, त्यामुळे चुकीच्या महिन्यात गेलात तर नुसता खवळलेला समुद्र बघत बसाल. रजा कधीही काढता येत असेल, तर मात्र पुढचं वाचा.

बोर्डवर कधी उभेच राहिला नसाल तर वेलिगामाला तोड नाही. मोठी अर्धगोल खाडी, तळाला वाळू, लाट लांबवर फुटते आणि कमरेएवढ्या पाण्यात नुसता फेस येतो. शिकवणारा मागून बोर्डला ढकलतो आणि "अप! अप!" ओरडतो, तुम्ही गुडघ्यावर येता, धपकन पडता, नाकात खारं पाणी जातं, पण खाली वाळू असल्यामुळे सहसा फार लागत नाही. त्रास गर्दीचा, सगळे नवशिके एकाच फेसात आणि कुणाचा बोर्ड कुठून येईल सांगता येत नाही. कोलंबोहून साधारण 140 किलोमीटर, ट्रेन थेट जाते, एक्सप्रेसवेही जवळून जातो. आणि रस्ता आला तसं काँक्रीटही आलं. वाळूला लागून उंच हॉटेल उभंय, रस्त्यालगत बोर्ड भाड्याने देणारे एकाला एक चिकटून बसलेत. काठीवर बसून मासेमारी करायची इथल्या किनाऱ्याची जुनी पद्धत, आता त्या काठ्यांवर बरेच जण फोटोपुरते बसतात आणि त्याचे पैसे घेतात. मी त्यांना दोष देणार नाही, माशापेक्षा फोटोतून घर चालत असेल तर माणूस काय करणार.

अरुगम बे कोलंबोहून तीनशेच्या वर किलोमीटर, अख्खा दिवस प्रवासात जातो, आणि ते लांब आहे म्हणूनच थोडंफार वाचलंय असं मला वाटतं. मेन पॉइंटची लाट उजवीकडे लांबच लांब पळते, पण खाली खडक आहे, तिथे पहिल्या दिवशी जाऊच नका, बेबी पॉइंटवर शिका. होड्या अजून वाळूवरच ओढून ठेवलेल्या असतात, गेस्टहाउसच्या समोरच. मुस्लिम, तमिळ, सिंहली सगळेच राहतात, त्यामुळे गावात शिरताना अंगावर कपडे हवेत, बिकिनी बीचवरच ठेवा. 2018 मध्ये इथल्या बायका-मुलींनी स्वतःचा सर्फ क्लब काढला, श्रीलंकेतला बायकांचा पहिलाच, आणि ज्या गावात समुद्र म्हणजे पुरुषांचं काम मानत होते तिथे हे झालं याचं मला फार कौतुक आहे.

पण जमिनीचं दुखणं इथेच जास्त खोल. 2004 च्या त्सुनामीनंतर सरकारने पूर्वेला 200 मीटर आणि दक्षिणेला 100 मीटरच्या पट्ट्यात घरं पुन्हा बांधायला मनाई केली, नंतर नियम सैल झाला, पण तोवर कोळ्यांना मागे सरकायला सांगितलं आणि हॉटेलांना सूट मिळाली. अरुगम बेच्या दक्षिणेला असलेल्या पानमा गावाजवळ तर 2010 मध्ये लोकांना जमिनीवरून हाकललं, तिथे सैन्यदलांचे तळ आणि पर्यटनाची बांधकामं आली, 2015 मध्ये मंत्रिमंडळाने जमीन परत द्यायचं ठरवलं तरी लोकांना त्यासाठी झगडतच राहावं लागलं. आपण ज्या वाळूवर टॉवेल टाकतो ती कुणाच्या तरी अंगणासमोरची आहे, हे डोक्यात ठेवून जा.

माझं मत विचाराल तर नवशिक्यांनी वेलिगामाला आठवडा काढावा, उभं राहता आलं की पुढच्या मोसमात अरुगम बेला यावं. दोन्हीकडे बुकिंगआधी विचारा, मालक गावातला आहे का, सांडपाणी कुठे सोडता. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर टाळलं तर मी दुसरी खोली बघते, कारण समुद्र पलीकडेच असतो आणि सकाळी त्याच पाण्यात आपण तोंड बुडवणार असतो. हो, अरुगम बेला रीफवरून, म्हणजे पाण्याखालच्या खडकावरून, चालायचे रबरी बूट घ्या, आणि पाय घसरू नये म्हणून बोर्डला लावतात त्या मेणाचा डबा उन्हात ठेवू नका, तासाभरात त्याचं पाणी होतं.