ओढ्यातल्या माशांची नोंद: फेकजाळं की ओढजाळं?

बालाघाटच्या डोंगरातून मांजरा नदीकडे येणाऱ्या ओढ्यांचा तळ काळ्या बेसाल्टच्या गोट्यांचा. तिथे फेकजाळं आंधळं ठरतं: कडेची शिशाची वजनं गोट्यांवर टेकतात, खाली फट राहते आणि तळाशी राहणारे मुऱ्या मासे निसटतात. ते ओढून काढायला जावं तर गोट्यांत अडकून फाटतं.

अशा ठिकाणी ओढजाळंच घ्या. ३ मीटर लांब, सव्वा मीटर उंच, ५ मिमी आसाचं (आस म्हणजे जाळ्याचं भोक). दोन्ही टोकांना काठ्या. दोघांनी ते प्रवाहाला आडवं धरायचं, खालची दोरी तळाला घट्ट टेकवायची. तिसऱ्याने वरच्या अंगाला दोन मीटरवरून गोटे पायाने हलवत जाळ्याकडे यायचं. उचलताना आधी खालची दोरी पुढे घेऊन वर काढा, नाहीतर सगळं हातचं जातं. हलवलेले दगड परत जागेवर ठेवा, त्यांच्याखाली अंडी असतात.

फेकजाळं कंबरभर, मऊ तळाच्या डोहात कामाचं. बारीक आस सावकाश बुडते म्हणून तिथे १५ मिमी बरं; दांडवण ही बारीक मासळी मात्र त्यातून सुटते. चिलापी आली तर वेगळी लिहा, ती इथली नव्हे.

मासे ओल्या हातानेच धरा, बादली सावलीत ठेवा.